कोरी जागा

"उस्ताद, या पोथीच्या शेवटी मी माझं नाव घालू का, की अजूनही—"

"नाही," उस्ताद इलियास म्हणाले.

अर्सलानचं तोंड उघडंच राहिलं. प्रश्न अजून पुरता बाहेरही पडला नव्हता!

शिराझच्या त्या कारखान्यात सचित्र गोष्टींच्या पोथ्या तयार होत. आधी लेखनिकाने मजकूर लिहायचा आणि चित्रासाठी जागा कोरी सोडायची. मग पान चितार्‍याकडे जायचं. पोथीच्या शेवटी लेखनिकाने आपलं नाव घालायचं, पण उस्तादांनी हो म्हटलं तरच. अर्सलानच्या मागून आलेल्या लेखनिकांचीही नावं पोथ्यांवर झळकू लागली होती. याच्या नावाची जागा मात्र अजून कोरीच. आणि अक्षर म्हणाल तर असं, की स्वतः अर्सलानसुद्धा त्याच्या प्रेमात पडला होता.

"चूक दाखवा," तो म्हणाला. "एक दाखवा."

बोरूच्या टोकाने उमटणारा ठिपका हे त्यांचं माप. त्याने ठिपक्यांनी अक्षर न् अक्षर मोजून दाखवलं. केसाइतकाही फरक नव्हता.

उस्तादांनी अक्षरांकडे पाहिलंच नाही. पानाच्या मधोमध चितार्‍यासाठी सोडलेल्या कोर्‍या जागेवर त्यांनी तळहात ठेवला.

"इथलं बिघडलंय."

"तिथं तर मी काही लिहिलेलंच नाही!"

उस्तादांनी तळहात तिथून हलवला नाही.

"उस्ताद, निदान मला एवढं तरी सांगा, की—"

"नाही."

आता मात्र अर्सलानचा तोल गेला. "माझं बोलणं तरी पुरं होऊ द्या!"

"तू तिचं होऊ दिलंस?"

"कुणाचं?"

उस्तादांनी डोळे मिटून घेतले. याचा अर्थ, आता जा.

अर्सलान भंडावून गेला. ती म्हणजे कोण? नानवाल्याच्या बायकोशी सकाळी तो जरा तोडून बोलला होता. पण ते उस्तादांना कुठून कळणार? मग त्याला आई आठवली. शिराझला निघताना ती दारात काहीतरी सांगत होती आणि हा घाईघाईने खेचरावर बसला होता. काय सांगत होती? कितीही आठवलं तरी आठवेना. त्याला फार वाईट वाटलं. पण त्याचा या पानाशी काय संबंध?

शेवटी काहीच सुचेना म्हणून त्याने पान पुढे ओढलं आणि मोठ्याने वाचायला घेतलं. इतके दिवस त्याने ते लिहिलं होतं, मोजलं होतं. वाचलं मात्र नव्हतं.

गोष्ट एका म्हातारीची होती. मुलगा लढाईवर गेलेला. ती गच्चीवर उभी राहून खालून जाणार्‍या प्रत्येक काफिल्याला विचारते: अबलख घोड्यावरचा माझा लेक कुणाला...

इथे कोरी जागा होती. तिथे चितारी घोडा काढणार होता. परत आलेला, रिकाम्या खोगिराचा घोडा.

आणि "दिसला का" हे शब्द चित्राच्या खाली होते.

चित्र मधोमध शोभतं म्हणून त्याने जागा तिथे सोडली होती. म्हणजे म्हातारीचं विचारणं पुरं होण्याआधीच घोडा उत्तर देऊन मोकळा!

मग त्याने नवा कागद घेतला. ओळी तिरप्या केल्या, सैल सोडल्या, म्हातारीचा प्रश्न पानाच्या तळापर्यंत नेला. चित्राची जागा पान उलटल्यावर. आता पान पहिल्यासारखं देखणं दिसत नव्हतं. त्यातून "दिसला का" लिहिताना एक उभी रेघ वाकली.

सकाळी तो मान खाली घालून उस्तादांसमोर बसला.

"ही रेघ वाकलीय. पुन्हा लिहून आणतो."

उस्तादांनी पान सावकाश वाचलं. वाकलेल्या रेघेपाशी थांबले. मग दौत त्याच्यापुढे सरकवली.

"नाव घाल."

अर्सलानला आनंद व्हायला हवा होता. झाला तो नुसता गोंधळ.

"आधीचं पान निर्दोष होतं, त्याला तुम्ही नाही म्हणालात. हे चुकलंय, आणि..."

सवयीने तो मध्येच थांबला. पण या वेळी उस्तादांनी त्याला तोडलं नाही. ते वाट पाहत होते.

"...आणि याला हो का म्हणता?"

उस्तादांनी नुसतं दौतीकडे बोट दाखवलं. खिडकीखालच्या गल्लीतून एक खेचर घुंगरं खुळखुळवत गेलं. काय करावं ते न कळून अर्सलानने पोथीच्या शेवटाकडे जाण्यासाठी पानाचा कोपरा उचलला.

उस्तादांनी त्याचं मनगट धरलं.

"हळू उलट. ती अजून गच्चीवर उभी आहे."