प्रकाशापुढे गेलेला श्रुतायन

पूर्वी त्रेतायुगाच्या आरंभी, पयोष्णीच्या काठी जेथे हरिणे निर्भयपणे दर्भ चरत आणि होमाचा धूर आम्रवनावर दिवसभर रेंगाळत असे, तेथे श्रुतायन नावाचा तपोनिष्ठ ऋषी पत्नी शुचिमतीसह राहत होता. एका ग्रीष्मात तो अखंड जपाला बसला. जप संपवून त्याने डोळे उघडले, तेव्हा ज्वराने खंगलेली शुचिमती त्याच्यासमोरच निष्प्राण पडली होती. ती अंगणात कशासाठी आली, तिने हाक मारली होती काय, हे त्याला कळले नाही; आणि त्या प्रश्नाने त्याचे सारे तप पोखरले.

अनेक वर्षांच्या आराधनेनंतर सूर्य रथासह प्रकट झाला.

"भगवन्, त्या दुपारी माझ्या अंगणातून निघालेला प्रकाश अजून आकाशात चालतोच आहे. मला त्याच्यापुढे जाऊ द्यावे. तो मला गाठील, तेव्हा मी तिचे मुख पाहीन."

सारथी अरुण हसला. "मुनिवर, सात घोडे जुंपून मी जन्मभर धावतो आहे, पण एका किरणाला मागे टाकणे मला जमले नाही. तुम्ही या वाळक्या पायांनी टाकणार?"

"अरुणा, थट्टा पुरे," सूर्य म्हणाला. "ऋषे, तो प्रकाश अजून स्वाती नक्षत्राला पोहोचलेला नाही. तेथवर नेणारा वेग आणि तेथून पाहणारी दृष्टी मी तुला देतो. पण जे दिसेल ते घडून गेलेले असेल. त्यात तुला हात घालता येणार नाही."

"मला केवळ पाहायचे आहे."

"आज असे म्हणतोस," असे बोलून सूर्याने वर दिला.

श्रुतायन निघाला. एकेका वर्षाचा प्रकाश मागे पडत गेला. वळून पाहावे तो अंगणातले त्याचेच रूप अधिकाधिक तरुण होत जाई. स्वातीपाशी तो थांबला, आणि ती दुपार त्याच्यापर्यंत आली.

आंब्याची सावली सरून जप करणाऱ्याच्या कपाळावर ऊन आले होते. शुचिमती भिंत धरत बाहेर आली. तिने हाक मारली नाही. आपली सावली त्याच्या मुखावर पडेल अशी ती उभी राहिली, आणि ऊन सरकले तशी तीही सरकली. तेव्हा कपाळावर उतरलेला गारवा श्रुतायनाने सिद्धीचे चिन्ह मानला होता.

तिचे पाय कापू लागले.

"डोळे उघड!" तो अंतराळात ओरडला. "अरे मूढा, डोळे उघड!"

जप करणाऱ्याची बोटे मण्यावरून मण्याकडे गेली. शुचिमती कोसळली.

तो प्रकाश पुढे निघाला, तसा श्रुतायनही पुढच्या ताऱ्याकडे धावला. पुन्हा तीच दुपार, पुन्हा तोच आक्रोश.

सूर्य स्वतः त्याला आणायला गेला. "मुने, आता परत चल."

"ती अजून उभी आहे, भगवन्. मी निघालो तर तिच्याकडे कोण पाहील?"

तिला जाळणारे ऊन सूर्याचेच होते. दिलेला वर परत घेता येत नव्हता. म्हणून परतल्यावर त्याने मर्यादा घातली, की यापुढे कोणीही देहधारी प्रकाशाला मागे टाकणार नाही.

तेव्हापासून ताऱ्यांकडे जाऊ पाहणाऱ्याने प्रकाशाच्या मागूनच चालावे, असा नियम झाला. श्रुतायन मात्र अजून त्याच्या पुढेच आहे, आणि त्याला परत बोलवायला आता कोणी जाऊ शकत नाही.