शेवरीची फोक

जनावरांनाही शाळा चुकवता येत नव्हती, त्या काळची गोष्ट. करडांच्या शाळेवर भिमाप्पा नावाचे रेडेगुरुजी होते. त्यांना शिकवण्यापेक्षा बडवण्याची हौस दांडगी. नियम असा, की ज्यानं खोडी काढली त्यानंच दारातल्या शेवरीची हिरवी फोक तोडून आणायची आणि तिचाच मार खायचा.

पहिल्याच दिवशी झिपरी नावाच्या करडानं गुरुजींच्या शेपटीला गाठ मारली.

"जा, फोक आण!" गुरुजी गरजले.

झिपरी गेली आणि तोंड चाटत परत आली.

"फोक कुठाय?"

"आणतच होते गुरुजी, पण वाटेत भूक लागली."

चिडून गुरुजींनी आणखी दोघांना पिटाळलं. तीही ढेकर देत आली. मग काय, वर्गात खोड्यांना ऊत आला. डबा विसरलेलं करडू तर दारातूनच ओरडे, "गुरुजी, मी आज खोडी काढणार आहे!"

महिन्याभरात शेवरीचा खराटा झाला. गुरुजींनी मटकन बसकण मारली. "कार्ट्यांनो, आता तुम्हाला वळण तरी कसं लावू?"

झिपरीला खरंच त्यांची दया आली. रवंथ थांबवून ती म्हणाली, "गुरुजी, फोक तर संपली. आता शिकवून बघता का?"