बाभळीवरची अर्धी घरटी

बाळांनो, एका जंगलाच्या टोकाला बाभळींवाचून काही न उगवणारा एक माळ होता. तेथे एकदा सुगरण पक्ष्यांचा थवा येऊन राहिला. दिवसभर ते दुरून आणलेले गवताचे धागे विणीत आणि अखंड गलका करीत. त्यांच्या चोचींतून सांडलेल्या दाण्यांसाठी तितर आले. थव्याने सोडून दिलेल्या घरट्यांत मुनिया नांदू लागल्या. ससाणा दिसताच थवा ओरडून उठे, म्हणून एक सशीणही आपली तीन पिल्ले घेऊन तेथेच विसावली. ज्या माळाकडे कोणी पाय वळवीत नसे, त्याला सारे ‘गोकुळ’ म्हणू लागले.

कीर्ती ऐकून वनराज सिंह दरबारासह पाहणीला आला. त्याचा प्रधान कोल्हा मान वर करून म्हणाला, “महाराज, चाळीस घरटी टांगली आहेत, पुरी अवघी नऊ! बाकीची अर्धवट. हा शुद्ध आळस.”

थव्यातला वृद्ध सुगरण नम्रपणे म्हणाला, “महाराज, आमच्यात नर अर्धेच घरटे विणून थांबतो. मादी येते, त्यावर झोका घेऊन पाहते. तिच्या मनास आले तर पुढे विणायचे, नाही तर नवे मांडायचे. त्या फसलेल्या अर्ध्यांतच आमची विद्या आहे.”

“म्हणजे आजोबा, बायकोने नापास केलेला पसारा राज्याने मिरवायचा होय?” कोल्हा म्हणाला. दरबार खदखदून हसला आणि सिंहाने आज्ञा दिली, “अर्धे घरटे दिसले की तोडा!”

पुढच्या हंगामात भ्यालेल्या नरांनी न थांबता, न दाखवता घरटी पुरी केली. माद्यांनी झोका घेतला. सैल वीण सुटली. एकही मादी तेथे अंडी घालीना. एका सकाळी थवा नदीपलीकडे निघून गेला. दाणे संपले तसे तितर गेले, मुनियाही गेल्या. मग ससाणा आला. ओरडायला कोणी नव्हते. सशिणीचे एकही पिल्लू उरले नाही.

कोल्ह्याने माकडांकरवी ती सैल घरटी वेलींनी घट्ट बांधून घेतली आणि सिंहाला माळावर आणून ती दाखवली. “पाहा महाराज, चाळीसच्या चाळीस पुरी! एकही अर्धे नाही.” सिंह प्रसन्न झाला.

बाभळीखाली बसलेली सशीण हळूच म्हणाली, “खरे आहे, प्रधानजी. देव्हारा आता अगदी नीटनेटका झाला. देव तेवढा उठून गेला.”

तिच्याकडे कोणी वळून पाहिले नाही.

तात्पर्य : कारागिराच्या हातून फसलेले आणि अर्धे राहिलेले ज्या राज्याला सोसवत नाही, त्याच्या नशिबी रिकामे घरटेच येते, आणि आज्ञा देणाऱ्याच्या चुकीची किंमत आसऱ्याला आलेल्यांची लेकरे मोजतात.