समुद्राच्या पानावरचे तेल

एक वृद्ध आचार्य समुद्रकाठच्या गावाबाहेर राहत आणि जवळ येतील त्यांना समुद्राविषयी शिकवत. त्यांचा एक शिष्य अतिशय बुद्धिमान होता, आणि हीच आचार्यांची डोकेदुखी होती. मंद माणसाला पुन्हा पुन्हा सांगता येते. याला निम्मे ऐकूनच सगळे समजल्याचा आनंद होई, आणि तो आनंद घेऊन हा लगेच गावभर फिरे. असे शिष्य कोणाच्या वाट्याला येऊ नयेत, पण येतात.

एके सकाळी आचार्य सांगत होते, "दूर, खोल समुद्राच्या तळाला भेगा आहेत. त्यांतून तेल आपोआप झिरपतं. कोणी ओतत नाही, कोणी सांडत नाही. युगानुयुगं हे चालू आहे." एवढे ऐकले आणि शिष्य उठला. गावात त्या दिवशी सभा होती, आणि सभेत सांगण्याजोगे काहीतरी त्याला सापडले होते.

सभेपुढचा प्रश्न साधा होता. तेलाची वाहतूक करणाऱ्या एका व्यापाऱ्याला आपल्या जहाजांच्या टाक्या गावच्या खाडीत धुवायच्या होत्या. खाडीतल्या खडकांना चिकटलेली, शिंपल्यांतली कालवे होती, आणि ती फोडून विकणाऱ्या बायकांची घरे त्यांवरच चालत. शिष्याची आईही त्यांतलीच. खडकांवर तेल बसले की कालवे मरणार, हे बायका पोटतिडकीने सांगत होत्या आणि पंचांना ते पटतही होते. तेवढ्यात शिष्य उभा राहिला आणि म्हणाला, "समुद्रात तेल मुळातच असतं. ते तळातूनच झिरपतं. आचार्यांनी आजच सांगितलं."

व्यापाऱ्याला आयतेच कोलीत मिळाले. तो हात जोडून म्हणाला, "तुमच्याच गावचा शिकलेला मुलगा सांगतोय. समुद्र स्वतः तेल सोडतो आणि तरी त्यात मासळी आहे, कालवं आहेत. मग माझ्याच तेलानं काय वाकडं होणार?" पंचांची चलबिचल झाली. निर्णय दुसऱ्या दिवसावर गेला. सभेतून बाहेर पडताना आई शिष्याला एवढेच म्हणाली, "शिकायला धाडला तुला, आणि आमचीच कालवं बुडवायला आलास?"

शिष्याने परत येऊन सगळे सांगितले तेव्हा आचार्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "अरे, मी बोलत होतो. श्वास घ्यायला थांबलो, तर तू गेलास." बराच वेळ ते संतापाने अंगणात येरझारा घालत राहिले. मग म्हणाले, "उद्या त्या व्यापाऱ्याला जेवायला बोलाव. पंचांनाही बोलाव. आणि तूप कढवून ठेव, पातेलंभर." गावाच्या पोटावर उठलेल्या माणसाला हा पाहुणचार कशासाठी, हे शिष्याला उमगेना. विचारायची मात्र त्याची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. व्यापाऱ्याच्या पानात वरणभात वाढून आचार्यांनी विचारले, "शेठ, तूप घेता ना?"

"रोज घेतो. त्याशिवाय घास उतरत नाही," शेठ खुशीत म्हणाले.

आचार्यांनी कोमट तुपाचे ते पातेले उचलले आणि सबंध त्यांच्या पानात पालथे केले. भात बुडाला, आणि पानावरून ओघळलेले तूप शेठच्या धोतरात जिरू लागले.

"हे काय, महाराज? एवढं कोण खाईल?"

"तुम्ही. रोज खाता, आत्ताच म्हणालात."

"रोज खातो ते चमचाभर खातो..." शेठ बोलता बोलता थांबले. पंच त्यांच्याकडेच पाहत होते.

आचार्य म्हणाले, "खोल समुद्रात तेल झिरपतं ते थेंबाथेंबानं. डोळ्यांना न दिसणारे जीव तिथे त्या तेलावर जगतात. युगानुयुगांच्या सवयीनं त्यांची भूक तेवढ्या थेंबांना पुरी पडते. उरलंसुरलं पाण्यावर येतं, पसरतं, ऊन-वारा त्याची वाट लावतात. तुम्ही ओतणार ते इथे, उथळ खाडीत, टाकीच्या टाकी, आणि तेही कालवांच्या अंगावर. तेल तेच आहे हो. खाणारी तोंडं तेवढीच आहेत, हे तुम्ही सोयीनं विसरलात."

एवढ्यावर गप्प बसेल तो व्यापारी कसला? धोतर झटकत शेठ म्हणाले, "मग रोज थोडं थोडं धुतलं तर?"

आचार्य म्हणाले, "शेठ, समुद्राच्या पानात त्याचं त्याचं आधीच वाढलेलं आहे. तुमचा चमचा त्यावर जास्तीचा आहे."

मुख्य पंच पानावरून उठले. "शेठ, हात धुवा," ते म्हणाले, "आणि जहाजं दुसरीकडे न्या. आमच्या खाडीत ती नकोत."

सगळे गेल्यावर शिष्य खाली मान घालून उभा होता. "मी खोटं तर बोललो नव्हतो," तो पुटपुटला.

"तोच तर वैताग आहे," आचार्य म्हणाले. "खोटं बोलला असतास तर कोणीतरी तुला तिथेच अडवलं असतं. आता जा, आणि त्या बायकांना सगळं सांग."

ओहोटीला बायका खडकांवर कालवे फोडत होत्या. शिष्याने भेगांपासून सुरुवात केली आणि त्या न दिसणाऱ्या जिवांपर्यंत, पंचांच्या निकालापर्यंत सगळे सांगितले. आईचा हात मध्ये एकदाही थांबला नाही. सगळे ऐकून झाल्यावर तिने विचारले, "मग हे काल का नाही बोललास?"

"काल मला तेवढंच ठाऊक होतं."

"मग काल गप्प बसायचं होतंस."

शिष्य तिच्या शेजारी खडकावर बसला. इतका सरळ उपदेश त्याला आजवर कोणी केला नव्हता, आणि हा मात्र त्याने पुरता ऐकला.