सटवाजीचा बसलेला घसा

वाघेरीच्या सटवाजी दवंडीवाल्याचा घसा बसला, आणि तो बसला दवापट्टी ओरडून ओरडून. दवापट्टी म्हणजे काय, तर घरटी राजाच्या तिजोरीत पैसे भरायचे आणि आजारी पडलं की राजवैद्याने फुकट औषध द्यायचं. कल्पना झकासच होती. पण पट्टी दर सणाला वाढायची, आणि दर वेळी वाढलेली पट्टी गावभर ओरडून सांगायची कोणी? सटवाजीने! शेवटी बिचाऱ्याच्या तोंडून आवाजाऐवजी नुसती हवा यायला लागली.

त्याची बायको हौसा त्याला पट्टीप्रधान त्र्यंबकपंतांच्या कचेरीत घेऊन गेली. तिथे वैद्य एक, तोही बहुतेक वेळ वाड्यावर, आणि कारकून ढीगभर. कारकुनांचं काम एकच, औषध का द्यायचं नाही ते शोधून काढायचं. या कामात मात्र मंडळी भलतीच तरबेज. कोणाचा ताप आधीचा निघायचा, कोणाचा खोकला शेजाऱ्याचा निघायचा. सटवाजीला आ करायला लावून ते म्हणाले, घसा जन्मापासूनचा दिसतोय, म्हणजे दुखणं जुनं. जुन्या दुखण्याला औषध नाही. पुढचा कोण आहे?

हौसाच्या पायाखालची जमीनच सरकली. आवाज गेला म्हणजे नवऱ्याचं काम गेलं, आणि काम गेलं म्हणजे चूल थंड. ती तडक दरबारात गेली.

दरबारात नेहमीचा तमाशा चालू होता. खिडकीकडचे सरदार म्हणत होते, पट्टी वाढवा. खांबाकडचे म्हणत होते, पट्टीच बंद करा, ज्याने त्याने आपापला काढा उकळावा. सुधारणा हवी यावर दोन्हीकडच्यांचं एकमत होतं, आणि जेवणाच्या सुट्टीवर. बाकी वर्षानुवर्षं काही म्हणता काही ठरत नव्हतं. ठरणार कसं? दरबाऱ्यांना पट्टी माफ आणि औषध घरपोच. यांना कशाची झळ?

दौलतराजे या भांडणाने आधीच वैतागले होते, त्यात हौसाचं गाऱ्हाणं. ते खेकसले, "पट्टी वाढायची नाही, औषध कमी व्हायचं नाही आणि तिजोरीतून कवडी जास्त जायची नाही. असा तोडगा असेल तर सांग. नाही तर उद्याच्या बाजारात नवी वाढ तूच ओरड, आणि परवा डफ दुसऱ्याच्या गळ्यात घालतो."

हौसा म्हणाली, आधी दवंडी पिटते, तोडगा मागाहून देते. काय सांगू तेवढं सांगा.

त्र्यंबकपंत घाईघाईने म्हणाले, "सांग, पट्टी दीडपट. आणि नियम सर्वांना सारखे." शेवटचं वाक्य त्यांनी लोकांना बरं वाटावं म्हणून घातलं होतं. राजांनीही मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी भर बाजारात डफ कडाडला. पट्टी दीडपट, हौसाने सांगितलं, आणि नियम सर्वांना सारखे. मग तिने सर्वांची नावंच घेतली. राजे, राणीसाहेब, पट्टीप्रधान, खिडकीकडचे, खांबाकडचे. सगळ्यांनी पट्टी भरायची, आणि दुखलं खुपलं तर कचेरीत रांग लावायची.

वाघेरीचा रिवाज असा, की डफावर सांगितलेलं राजालाही बांधतं. बदलायचं तर नवी दवंडी पिटावी लागते. राजवैद्याने रिवाजाप्रमाणे बटवा आवरला आणि तो वाड्यावरून कचेरीत जाऊन बसला.

आठवडाही गेला नाही, तोच रांगेत पगड्याच पगड्या. त्र्यंबकपंतांची दाढ ठणकत होती. त्यांचेच कारकून चाचरत म्हणाले, दाढ लग्नाआधीची आहे, जुनी. एका सरदाराला सांगितलं, गुडघे दोन आहेत, त्यातला एक चालू आहे. खुद्द राजांची कंबर पलंगावरून उतरताना लचकली होती. कारकुनाने खाली मान घालून विचारलं, महाराजांना पलंगावर चढायला कोणी सांगितलं होतं? स्वतःची चूक, औषध नाही.

राजांनी वाकलेल्या कंबरेनेच हौसाला बोलावून घेतलं. "आत्ताच्या आत्ता उलटी दवंडी पीट."

"पिटते की, महाराज. पण माझाही घसा बसला तर? घशाला तर कचेरीत औषध नाही. एका घरात दोन मुके कसे परवडतील?"

"मग दुसरा कोणी ओरडेल."

"त्यालाही घसा असेलच, महाराज."

राजे कंबर चोळायला लागले. मग म्हणाले, बरं बाई, घसा नियमात घ्या. त्र्यंबकपंत गाल धरून म्हणाले, घसा घेताय तर दाढही घ्या. खिडकीकडून गुडघा आला, खांबाकडून मूळव्याध आली, राजांनी आपली कंबर घातली. जेवणाच्या सुट्टीच्या आत टाळूपासून तळपायापर्यंत अख्खा माणूस जुन्यानव्या दुखण्यांसकट नियमात आला. इतकं काम त्या दरबाराने कधीच केलं नव्हतं.

"पण पैसे?" राजांनी विचारलं. "आता तर पट्टी तिप्पट होईल."

हौसा म्हणाली, "आता नाकारायला काही उरलंय का, महाराज? मग नाकारणाऱ्यांना पगार कशाला? अर्ध्यांच्या पगारात वैद्य आणा, उरलेल्यांच्या हाती औषधं कुटायला खलबत्ते द्या, आणि दीडपटीची वाढ नव्या दवंडीने मागे घ्या. पट्टी वाढायची नाही, औषध कमी व्हायचं नाही, तिजोरी जिथल्या तिथे."

पंतांनी बोटांवर हिशोब केला, पुन्हा केला. तो जुळला, म्हणून त्यांचं तोंड आणखीच वाकडं झालं.

राजांनी राजवैद्याला आणि सटवाजीला दरबारात बोलावलं. वैद्याने सटवाजीचा घसा तिथेच तपासला, ज्येष्ठमध दिला आणि बजावलं, पथ्य पाळलं नाही तर घसा पुन्हा बसेल. कसलं पथ्य, म्हणून राजांनी विचारलं. वैद्य बोलणार, त्याआधीच हौसा म्हणाली,

"तिखट चालेल, तेलकट चालेल, महाराज. पट्टी वाढल्याची दवंडी तेवढी जन्मभर वर्ज्य!"

दौलतराजे हसायला लागले ते थांबेचनात. एका हाताने कंबर धरून त्यांनी दुसऱ्या हातातलं सोन्याचं कडं हौसाला देऊन टाकलं, आणि ते पथ्य त्याच दिवशी राज्यभर लागू केलं.