पारा सावलीतला

एकदा एका गावाला आपल्या उन्हाचा गर्व झाला. गर्व करण्याजोगं दुसरं काही नव्हतं, म्हणून उन्हाचा.

वैशाख लागला की तिथल्या बाजाररस्त्यावर लोक जमत आणि पहिल्या कडुनिंबाच्या खोडाला टांगलेल्या एका वाटोळ्या यंत्राकडे माना वर करून बघत. यंत्रात काटा होता, भोवती आकडे होते. "आज शेचाळीस!" असं कोणी ओरडलं की बाकीचे असे खूश होत, जसे काही ते शेचाळीस त्यांनीच घाम गाळून मिळवले. पलीकडच्या गावात पंचेचाळीसच झाले म्हटल्यावर तर तोंडभर हसत. माणसाला गर्व कशाचाही होतो. त्याला शाळेत जावं लागत नाही.

ते यंत्र टांगलं होतं एका व्यापाऱ्यानं. हा गृहस्थ कूलर विकायचा. आकड्यांच्या खाली त्यानं आपल्या दुकानाचं नाव रंगवून घेतलं होतं. लोकांनी वर पारा बघावा, खाली नाव वाचावं आणि समोरच्या दुकानात शिरावं. हुशार माणूस. पण हुशारी आणि समज या दोन वस्तू एका दुकानात मिळत नाहीत.

व्यापाऱ्यानं नवी तीन मजली इमारत बांधली. तिच्यापुढे रस्त्याच्या कडेला कडुनिंबाची सात झाडं उभी होती. आठवं त्यानं मागच्याच वर्षी काढून तिथे सिमेंट ओतलं होतं. उरलेल्या सातांमुळे चौकातून त्याची पाटी दिसेना. म्हणून त्यानं कचेरीतून परवानगीचा कागद आणला आणि झाडं कापणाऱ्याला बोलावलं.

कापणाऱ्याचं नाव शालिक. वय तिशीचं, हात सफाईदार. झाडावर चढायची, दोर बांधायची, फांदी उतरवायची विद्या तो एका वृद्ध माळ्यापाशी शिकला होता. या माळ्यानं चाळीस वर्षं गावाची झाडं राखली. त्यानं शिष्याला एकच गोष्ट पुनःपुन्हा शिकवली, फांदी कुठे कापली म्हणजे झाड जगतं ती. झाड बुडातून कसं पाडायचं ते कधी शिकवलं नाही. ते शालिक यंत्राची करवत घेतल्यावर आपलं आपण शिकला. त्याला अर्धा दिवस पुरतो.

त्या दिवशी अकराच्या सुमारास शालिक करवत घेऊन आला, तर पहिल्या झाडाच्या बुडाशी तोच म्हातारा माळी मांडी घालून बसलेला.

"बाबा, उठा ना," शालिक खालच्या आवाजात म्हणाला. "कागद आहे त्याच्यापाशी. मी नाही कापलं तं दुसरा कापन."

"मंग दुसऱ्याले बोलाव. मी तुले कापायसाठी नाही शिकवलं."

"माह्या घरी पोट आहे, बाबा."

"पोट मले पण आहे लेका. पण ते मी असं चारचौघात पुढं नाही करत."

तेवढ्यात व्यापारी बाहेर आला. हमाल जमले, हातगाडीवाले थांबले. तिसऱ्या झाडाखाली पाणपोईचे रांजण भरणारी वच्छला हातात पाण्याचा गडवा घेऊन उभी राहिली. तमाशा म्हटलं की उन्हातही गर्दी होते.

"काय माळीबाबा," व्यापारी म्हणाला, "झाडाला काय चिकटून बसता? सावलीच पाहिजे ना लोकांना? टिनाचं शेड टाकून देतो लांबलचक. पानगळ नाही, कावळ्यांची घाण नाही."

म्हातारा उठला. खोडावरचं ते यंत्र खिळ्यातून काढलं, चालत चालत आठव्या झाडाच्या जागी गेला आणि तिथल्या लोखंडी खांबाला उन्हात टांगून आला. लोक बघत राहिले. घटकाभरात काटा सरकत सरकत शेवटच्या आकड्यापाशी गेला आणि अडून थरथरू लागला.

व्यापारी मोठ्यानं हसला. "अहो बाबा, पारा उन्हात टांगत असतात का कधी? सावलीतच मोजायचा असतो तो! शाळेतली पोरं सांगतील."

"मी शाळा नाही पायली," म्हातारा म्हणाला. "पण बरोबर बोलला तू. म्हंजे इतके वर्षं तू जो आकडा सांगून राहिला, तो या झाडाखालचा. झाड गेल्यावर पारा कुठं टांगशीन?"

"दुकानात. कूलरपुढे!"

गर्दी खो खो हसली. शालिकलाही हसू आलं, पण त्यानं ते गिळलं.

"पारा दुकानात टांगशीन," म्हातारा म्हणाला, "माणसं कुठं टांगशीन?"

हसणं थांबलं. व्यापाऱ्याचा चेहरा उतरला आणि मग लाल झाला. चारचौघांत, त्यातून हमालांपुढे, एका माळ्यानं आपल्याला अडवावं हे त्याला सोसवेना. तो म्हणाला, "मी याच गावचा आहे. शेचाळीस अंश जन्मभर अंगावर घेतलेत. मला उन्हाची भीती घालू नका."

"तू सावलीतले शेचाळीस घेतले. उन्हातले कधी घेतले?"

"आत्ता घेतो! कुठे बसू बोला."

म्हाताऱ्यानं खांबाकडे बोट दाखवलं. "थे जागा. आठव्या झाडाची. बारा वाजून राहिले. चौकातल्या घड्याळात एक वाजेपर्यंत बस. बसलास तं मी या झाडापासून उठलो, शालिक करवत चालवन. आपल्या पायानं उठला, नाहीतं पडला, तं सातही झाडं राहतीन आणि तो कागद तू फाडशीन. डोक्याले रुमाल बांध, पाण्याचा तांब्या जवळ ठेव, मले काही तुह्या जिवाचं वाईट नाही करायचं."

व्यापारी शेवटी व्यापारी. त्यानं आपलीही एक अट घातली. "मध्येच कोणी मला उठवायला आलं, तर पैज मी जिंकली. मागाहून दया आली म्हणाल, ते चालायचं नाही."

"कबूल," म्हातारा म्हणाला. व्यापारी दुकानातली खुर्ची मागवून खांबाशी बसला आणि म्हातारा स्वतःच्या डोक्यावर ओला पंचा टाकून त्याच्या शेजारी उन्हात उभा राहिला.

शालिक पुढे धावला. "बाबा, तुम्ही कायले उभे राहता? तुमची तं पैज नाही."

"मी त्याले बसवलं. मंग मी सावलीतून कसा पाहू?"

पहिली वीस मिनिटं मजेत गेली. व्यापारी पायावर पाय टाकून बसला होता, ओळखीच्यांना नमस्कार करत होता. "घेता का चहा?" असंही एकाला म्हणाला. पाण्याच्या तांब्याला मात्र त्यानं हात लावला नाही. पाणी प्यायलो तर लोक म्हणतील, शेठला ऊन लागलं. या एका लाजेपायी गावागावांत किती माणसं गेली असतील.

साडेबाराला त्याचं बोलणं थांबलं. खालचं सिमेंट असं तापलं होतं की अनवाणी पाय टेकवता आला नसता. मागच्या इमारतीची भिंत वेगळीच झळ टाकत होती. व्यापाऱ्याचा सदरा घामानं भिजून पाठीला चिकटला होता. तो सारखा कपाळ पुसत होता.

"पाणी पी शेठ," म्हातारा म्हणाला.

"नको."

"पाणी प्यायल्यानं पैज नाही मोडत."

"नको म्हणतो ना!"

सातही झाडांखाली आता गर्दी दाटली होती. हमाल घड्याळाकडे बघत होते, मग खुर्चीकडे, मग पुन्हा घड्याळाकडे. त्यांचाही जीव त्या झाडांत अडकला होता. स्टेशनापासून बाजारापर्यंत ओझी ओढत आणायची, तर वाटेत टेकायला तेवढीच एक जागा.

एकाला सहा-सात मिनिटं उरली असताना म्हाताऱ्याला काहीतरी दिसलं. व्यापाऱ्यानं कपाळ पुसणं सोडून दिलं होतं. म्हातारा वाकला, त्याच्या गळ्याला हात लावला. गळा कोरडा होता. सदऱ्यावर मिठाचे पांढरे डाग उमटले होते आणि कातडी तव्यासारखी तापली होती.

"शेठ! ओ शेठ!"

"लाईट लावा दुकानातला," व्यापारी पुटपुटला. "अंधार काय करून ठेवलाय."

म्हातारा ताठ उभा राहिला. घाम आटला की पुढे काय होतं ते त्यानं रस्त्याच्या कामावर दोनदा पाहिलं होतं. दोन्ही वेळा माणूस घरी परत गेला नव्हता.

झाडाखालून एका हमालानं ओळखलं. तो ओरडला, "बाबा, हात नका लावू! पडून राहिला तो! पाच मिनिटं थांबा, आपसूक पडते. झाडं आपली!"

"हात नका लावू, बाबा!" आणखी दोघेतिघे ओरडले.

म्हाताऱ्यानं सातही झाडांकडे बघितलं. त्यांतली चार त्याच्या हातची होती, काठ्या रोवून, काटे बांधून, कावडीनं पाणी घालून वाढवलेली. व्यापाऱ्याची मान एका बाजूला कलली.

"शालिक," म्हातारा ओरडला, "उचल याले!"

शालिक जागचा हलला नाही. "बाबा, अट... आपण उचललं तं—"

"अट गेली चुलीत! माणूस चालला!"

शालिकनं करवत टाकली आणि धावला. दोघा हमालांनी पाय धरले. सगळ्यांनी मिळून त्याला तिसऱ्या झाडाखाली आणून निजवलं. वच्छलेनं अख्खा रांजण त्याच्या अंगावर आणि भोवतालच्या मातीवर ओतला. म्हाताऱ्यानं आपला ओला पंचा त्याच्या गळ्याभोवती गुंडाळला, बगलेत भिजल्या चिंध्या दाबल्या. कोणी डॉक्टरला आणायला धावलं. वर पानं हलत होती, खालून ओल्या मातीची थंडाई येत होती. हळूहळू त्याचा श्वास खोल होत गेला.

तेवढ्यात व्यापाऱ्याचा दिवाणजी पुढे झाला. हा माणूस घड्याळाकडे बघत होता. मालकाकडे नव्हे.

"पाच मिनिटं बाकी असताना म्हाताऱ्यानं उठवलं," तो म्हणाला. "सगळ्यांनी पाहिलं. पैज शेठनी जिंकली. शालिक, घे मशीन."

शालिकनं म्हाताऱ्याकडे बघितलं.

"घे," म्हातारा म्हणाला. "मी शब्द दिला होता."

शालिकनं करवत उचलली. "बाबा, एक सांगा. पाच मिनिटांनं काय झालं असतं? सात झाडं वाचली असती. तुम्ही कायले हरले?"

म्हातारा जमिनीवर बसला होता. उन्हानं त्याचेही ओठ फुटले होते. तो म्हणाला, "हे पाय लेका. सिमेंट ऊन खाते आणि ओकते. भिंत खाते, रात्रभर ओकते. टिन डोक्यावरचं ऊन अडवते, पण आपण तापते आणि खालच्याले भाजते. झाड तसं नाही. ते खालून पाणी ओढते, पानातून सोडते, स्वतः थंड राहते आणि खालच्याले थंड ठेवते. कूलरच्या वाळ्याच्या टट्टीवर तू पाणी टाकतोस ना, तसं. फक्त याच्यावर कोणाले टाकावं नाही लागत. हे सारं कायच्यासाठी आहे? खाली माणूस जगावा म्हणून. आता माणसाले उन्हात मरू देऊन मी झाड वाचवलं असतं, तं मी वाचवलं काय असतं? लाकूड. आणि लाकडासाठी मी चाळीस वर्षं पाणी नाही वाहिलं."

एवढं बोलून त्यानं तोंड फिरवलं. कापताना त्याला बघायचं नव्हतं.

शालिक टोकाच्या सातव्या झाडापाशी गेला. करवतीची दोरी ओढली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा ती घरघरली आणि सगळा रस्ता त्या आवाजानं भरून गेला. कावळे उडाले. वच्छलेनं पदर तोंडाला लावला. शालिकनं पातं बुंध्याला टेकवलं. साल उडाली.

त्या आवाजानं व्यापाऱ्यानं डोळे उघडले. थोडा वेळ तो नुसता वर बघत राहिला. पानांतून येणारे उजेडाचे ठिपके त्याच्या चेहऱ्यावर हलत होते. मग त्यानं कोपरावर जोर देऊन उठायचा प्रयत्न केला. उठता आलं नाही.

"बंद करा ते," तो म्हणाला.

दिवाणजी वाकला. "शेठ, काळजी करू नका. आपण जिंकलो."

"बंद कर म्हटलं!"

हमालांनी हाका मारल्या. शालिकनं करवत बंद केली. एकदम इतकी शांतता झाली की रांजणातून ठिबकणारं पाणी ऐकू आलं.

व्यापाऱ्यानं हातानं खालची ओली माती चाचपली, दुसऱ्या हातानं बाजूचं खोड. मग तो दिवाणजीला म्हणाला, अगदी हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "मी पडलो तेव्हा मला इथे आणलं. ही कापल्यावर जो पडेल, त्याला कुठे न्याल?"

दिवाणजीनं घड्याळावरची नजर काढून मालकाकडे बघितलं.

शालिकनं पुढे होऊन सातव्या झाडावरच्या त्या ओरखड्याला ओली माती लिंपली, गुरूनं शिकवलं होतं तशी. म्हातारा तोंड फिरवूनच बसला होता, पण त्याचे खांदे सैल झाले होते.

ज्याच्या दारापुढे आता एकही झाड उरलेलं नाही, त्यानं त्या व्यापाऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर येत्या वैशाखाच्या आत शोधून ठेवावं.