कोणाच्याच पाळीत नसलेली मुले

पूर्वी अंजनपुरीत पद्मरथ नावाचा राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व त्याचा अमात्य होऊन जन्मला होता. त्याचे नाव सोमदत्त. एका वर्षी नगरात महामारी आली आणि घरेच्या घरे ओस पडली. मागे राहिली ती मुले. ज्यांनी दया येऊन त्यांना घरी नेले, त्यांच्यातल्याच काहींनी त्यांना गुरांसारखे राबवले, आणि एकाने तर दोन भावंडे परक्या तांड्याला विकून टाकली. हे कळताच राजा संतापला. त्याने नियम केला, की अनाथ मूल कोणा एकाचे होणार नाही. ते एका घरी एक ऋतू राहील आणि ऋतू पालटला की पुढच्या घरी जाईल. भार सगळ्यांवर सारखा पडेल, आणि मूल आपल्याच मालकीचे समजून त्याला राबवायची कोणाची छाती होणार नाही. राजा दुष्ट नव्हता, हे सांगून ठेवले पाहिजे. रोगापेक्षा इलाज भयंकर होतो, तो पुष्कळदा भल्या माणसांच्याच हातून.

रीत अशी होती. ऋतुबदलाच्या सकाळी जुन्या घराने मुलाला तलावाच्या बांधाखालच्या धर्मशाळेत आणून सोडावे आणि नव्या घराने दिवस मावळायच्या आत घेऊन जावे. दोन्ही घरांनी एकमेकांना भेटायचे नाही. भेटली की सौदे होतील, ही राजाची धास्ती. देखरेख सोमदत्ताकडे होती. सुरुवातीला मुले आकांत करीत. पुढे करीनाशी झाली. स्वतःचे गाठोडे स्वतः बांधत आणि कोणीही हात पुढे केला की तो धरून निघत. राजा कौतुकाने म्हणे, "पाहिलेस? एकही मूल रडत नाही." सोमदत्ताला त्या गप्प चेहऱ्यांची भीती वाटू लागली होती. पण काम बिनबोभाट चालले होते, राजाने त्याला महामात्य करण्याचे बोलून दाखवले होते, आणि तोही गप्प राहिला.

शरद ऋतू सरत आला तेव्हा शामा नावाची एक टोपल्या विणणारी बुरडीण सोमदत्ताच्या दारी आली. महामारीत तिची लेक गेली होती. त्या ऋतूत तिच्याकडे आलेली मेखला नावाची लहानगी पोर तिचा पदर घट्ट धरून उभी होती.

"मायबाप, हिला न्यायला सांगू नका," शामा म्हणाली. "आली तेव्हा धोंड्यासारखी होती. परवा बांबूच्या कामटीनं बोट कापलं, तर 'आई' म्हणून भोकाड पसरलं हिनं. आणि मी येडी हसतच सुटले."

"नियम सगळ्यांना सारखा आहे, बाई."

"असंल. पण दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणत्यात. हिला तर तुम्ही गावभर घरं दिली. उद्या ही हरवली तर धुंडायला कोण निघंल, तेवढं सांगा."

सोमदत्त उठून राजाकडे गेला.

राजाने ऐकून घेतले आणि नकारार्थी मान हलवली. "आज एकीला सूट दिली की उद्या सगळे मागतील. माया दाखवूनच मुले विकली गेली होती."

"महाराज, नजर घरांवर ठेवा. मी स्वतः दारोदार जाऊन मुलांची चौकशी करीन. पण मूल हलवू नका. रडायचे थांबलेले मूल सुखी नसते. आपल्यासाठी कोणी येणार नाही, हे त्याला कळलेले असते."

"उद्या ती पोर धर्मशाळेत दिसली पाहिजे. नाहीतर तुझे पद गेले आणि तुला कोठडी."

सोमदत्त तिथून थेट बुरूड आळीत गेला. "शामाबाई, पोर तुमची," तो म्हणाला. "जाब मी देईन." ही वार्ता राजापर्यंत पोचली, आणि सूर्य मावळायच्या आत शिपायांनी त्याला नेले. कोठडीत त्याला एकाच गोष्टीची खंत वाटत होती. एका मुलीसाठी तो बोलला होता, पण बाकीची मुले उद्या गाठोडी घेऊन निघणारच होती.

दुसऱ्या दिवशी हेमंत लागला. डोंगरात अवकाळी पाऊस कोसळला होता, आणि दुपारी तलावाचा बांध फुटला. खालची वस्ती टेकडीकडे धावली. आया पोरांच्या नावाने टाहो फोडत होत्या, बाप पुन्हापुन्हा विचारत होते, "आपली सगळी आली ना?" शामा मेखलेला पाठीशी बांधून धावली आणि वाचली.

धर्मशाळेतल्या मुलांनीही पाण्याचा आवाज ऐकला असेल. पण न्यायला येणाऱ्या माणसाची वाट पाहत बसायचे, एवढेच त्यांना शिकवलेले होते. ज्यांना नेणारे लवकर आले होते तेवढी वाचली. बाकीच्यांना शोधायला टेकडीवरून कोणी उतरले नाही.

पाणी ओसरल्यावर मुलांना वाळूत ओळीने निजवले. ज्याची असतील त्याने न्यावीत, अशी दवंडी फिरली. लोक आले, बघून हळहळले.

"आमच्याकडनं सकाळीच गेलं होतं हो," एक म्हणाला.

"आमच्याकडं यायचंच होतं अजून," दुसरा म्हणाला.

दोघेही खरे बोलत होते. शिक्षा करावी असा एकही माणूस राजाला सापडेना. मग त्याने सोमदत्ताला सोडवून आणले. सोमदत्ताने मुलांना आंघोळ घातली, आपली वस्त्रे फाडून त्यांना पांघरली आणि बापाच्या जागी उभे राहून प्रत्येकाला अग्नी दिला.

राजा धुरात उभा होता. "सोमदत्ता, आता मी काय करू?"

"यांच्यासाठी काही उरले नाही, महाराज. जी वाचली, त्यांना एकेक दार द्या आणि तिथेच राहू द्या."

राजाने नियम फिरवला आणि त्याला महामात्यपद देऊ केले. सोमदत्ताने ते घेतले नाही. मरेपर्यंत तो दारोदार फिरून एवढेच विचारीत राहिला, "पोर जेवले का? बरे आहे ना?"

शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, ही गोष्ट विहारात सांगितली, त्या दिवशी दाराशी कोणी एक आजारी मूल सोडून गेले होते. आज पाळी तुझी की माझी, या भिक्षूंच्या वादात ते संध्याकाळपर्यंत उपाशी राहिले होते. "पाळ्या लावणारा हा वडीलधारा स्थविर तेव्हा राजा पद्मरथ होता," शास्ते म्हणाले. "शेवटी मुलाला मांडीवर घेणारी ही भिक्षुणी म्हणजे शामा. हे मूल मेखला. सोमदत्त मी होतो."

एका तरुण भिक्षूने भीत भीत विचारले, "भगवन्, आणि बुडालेली मुले?"

"ती तुम्ही," शास्ते म्हणाले. "घरदार सोडून आलेले तुम्ही. तुमच्यातला एखादा दिसेनासा झाला, तर त्याला हाक मारायला दुसरे कोणी येणार नाही. म्हणून एकमेकांची चौकशी करा. सोमदत्ताने उरलेल्या आयुष्यात केली ती एवढीच. तिलाच करुणा म्हणतात."